नायबाच्या पाठीमागे

१

रविवार उजाडला की थेल्मा डॉड आधी चष्मा डबीत घालायची आणि मग रोमन व्हायची.

ती ज्या तुकडीत होती, त्यातली हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी जुन्या रोमन फौजेचा वेष घेऊन कवायत करायची, आणि तुकडीचा नियमच तसा होता. अंगावर कड्यांचं चिलखत, डोक्याला टोप, पायांत खिळ्यांच्या वहाणा असा सगळा जामानिमा चढवल्यावर नाकावर चष्मा चालायचा नाही. रोमन शिपाई चष्मा लावत होता याला पुरावा काय? पुरावा हा त्या मंडळींचा देव. शिवणीचा टाका, ढालीचा रंग, लापशीतलं धान्य, सगळ्याला पुरावा लागे, आणि तो नसला की रोलंड चार्लटन ती गोष्ट नाक मुरडून बाजूला सारी. रोलंड हा तुकडीचा शतनायक, म्हणजे म्होरक्या. आठवडाभर लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करायचा आणि रविवारी तुऱ्याचा टोप घालून सगळ्यांवर खेकसायचा. बहुतेक शिपाई साठीच्या आसपासचे, त्यामुळे टोप चढले की निम्मी फौज आंधळी. एकमेकांना कोपरं ढोसत ती इंग्लंडच्या उत्तरेला रोमनांनी बांधलेल्या जुन्या भिंतीखालच्या कुरणात कवायत करायची, आणि मेंढ्या तिच्याकडे बघत रवंथ करायच्या.

थेल्मा तिथे नायब होती. रोमन लोक त्या हुद्द्याला ऑप्टिओ म्हणत, आपण नायबच म्हणू. शतनायक सगळ्यांच्या पुढे, नायब सगळ्यांच्या मागे. त्याच्या हातात पुरुषभर उंच काठी आणि काठीच्या टोकाला पितळी गोळा. कुणी रेंगाळलं, कुणाचं पाऊल कचरलं, की नायबानं काठी आडवी धरून त्याच्या पाठीला लावायची आणि पुढे रेटायचं. मारायचं नाही, नुसतं रेटायचं. लढाईतून पळणाऱ्याला वाट मिळू नये, एवढ्यासाठी तो हुद्दा. नायबानं स्वतः मात्र मागे वळून बघायचं नाही. त्याच्यामागे असतंच कोण?

उभा जन्म न्यूकॅसलची बस हाकलेल्या बाईला हे काम शोभून दिसायचं. शनिवारच्या दारुड्यांना सरळ केलेली ती बाई, तिला रोमनांचं काय भय? चष्म्याशिवाय तिला समोरच्या पाठी म्हणजे नुसते तांबडे डाग दिसत. म्हणून ती माणसं कानांनी ओळखायची. कुरणाच्या वरच्या अंगाला किल्ल्याच्या पडक्या वेशीपाशी जुन्या फरसबंद रस्त्याचा एक तुकडा अजून शाबूत होता. तुकडी गवतावरून त्या दगडांवर चढली की वहाणांचे खिळे वाजू लागत. रोलंडची टाच ठाण ठाण पडे. विनी फॉस्टर, दातांची डॉक्टर, तुरुतुरु चाले. आणि थेल्माचा नवरा कथबर्ट डावी टाच ओढायचा. खण, खर्रर. खण, खर्रर.

मे महिन्यातल्या एका लख्ख दुपारी तुकडी दगडांवर चढली आणि रांगेतून थेल्माला तो आवाज आला. तिला बरं वाटलं. आज स्वारी ठीक चालतेय, असं तिच्या मनात आलं.

मग तिला आठवलं, की कथबर्टला पुरून अख्खा हिवाळा उलटला होता.

२

कारण सापडायला वेळ लागला नाही. थेल्मा काही भुताखेतांतली बाई नव्हे. कथबर्टचं सामान तिनंच तुकडीला देऊन टाकलं होतं आणि त्याच्या वहाणा क्लेम हेस्लॉपला मिळाल्या होत्या. क्लेम म्हणजे नवा भिडू, चाळिशीतला, अंगानं भरलेला, गप्पिष्ट पोस्टमन. कथबर्टनं त्या डाव्या वहाणेच्या टाचेला जादा खिळे ठोकून घेतले होते. ती घालून कुणीही चाललं तरी आवाज तसाच येणार. कानाला काय, तो जुन्या ओळखीला भुलतोच. तिनं स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि काठी आडवी धरून रांग पुढे रेटली.

तरी दिवसभर तिला त्याचे पाय आठवत राहिले. शेवटच्या वर्षी कथबर्टच्या खुब्याचं हाड पार झिजलं होतं. तरी हा गडी ढाल घेऊन यायचाच, आणि मागे पडला की थेल्माच त्याला काठीनं रेटायची. दोघं त्यावर हसायची. इस्पितळात शेवटी शेवटी तो गुंगीत असायचा. त्याच्या अंगावर पातळ चादर आणि पाय उघडे. एका संध्याकाळी तो म्हणाला, "थेल, वहाणा काढ गं. पाय गेले माझे."

तिनं त्याची थंडगार पावलं हातात घेऊन चोळली. काढल्या, म्हणाली. त्यानं मान हलवली. निघाल्या नाहीत, म्हणाला. हे बोलणं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

एप्रिलमध्ये कवायती सुरू झाल्या तेव्हा रोलंडला राहवलं नाही. कथबर्ट त्याचा शाळेपासूनचा दोस्त. वेशीपाशी हजेरी घेताना त्यानं शेवटी कथबर्टचं नाव पुकारलं, आणि आधीच ठरवल्याप्रमाणे सगळ्या रांगेनं एका आवाजात लॅटिनमधून उत्तर दिलं, "अडेस्ट." म्हणजे हजर आहे. विनीला रडू आलं, थेल्मालाही आलं. मग दर रविवारी तेच होऊ लागलं. रोमन लोक असं करत याला पुरावा कुठला? त्या एका गोष्टीसाठी मात्र रोलंडनं तो मागितला नाही, आणि इतर कुणालाही तो मागावासा वाटला नाही.

३

पुढच्या रविवारी कवायत संपल्यावर मंडळी शेतकऱ्याच्या गोठ्यापाशी बसली. एका पिंपात वाळू घालून, त्यात गंजलेली चिलखतं कोंबून विनी ते पिंप पायानं पुढेमागे लोटत होती. गंज काढायची तीच रीत. हातोहात पाव फिरत होते, आत हॅम आणि वाटाण्याचं पिठलं भरलेले. रोमनांकडे चहा नव्हता, म्हणून चहाचा थर्मास कातड्याच्या तंबूत लपवलेला असे आणि प्रत्येक जण लघवीला जाऊन येतो असं सांगून तिथे घोट मारून येई.

थेल्मा तंबूत शिरली तेव्हा क्लेम आतच होता. वहाणा कशा काय बसतात, असं तिनं सहज विचारलं. आज तो आवाज जास्त ओढल्यासारखा आला होता. हा पाय घासत चालत असेल तर त्याला जरा ओरडावं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

क्लेम ओशाळला. "रागावू नका हं थेल्माताई. पहिल्याच दिवशी सांगणार होतो, पण तुम्ही एवढ्या मायेनं दिल्यात. मला त्या घट्ट होतात हो. पोस्टमनचे पाय ते, पसरट. एकदाही घातल्या नाहीत बघा."

"मग पायात काय आहे तुझ्या?"

त्यानं पाऊल वर केलं. वहाणा नव्या कोऱ्या होत्या, स्कॉटलंडहून मागवलेल्या, टाचा गुळगुळीत, आणि खिळे सगळीकडे सारखे. कथबर्टच्या वहाणा कुठे आहेत म्हणून विचारलं तर म्हणाला, गाडीच्या मागे, पिशवीत. दाखवू?

तिनं बघितल्या. तिनं बांधून दिलेली गाठ तशीच होती.

४

मग तिनं स्वतःशी बराच वाद घातला. दगडांचा पडसाद असेल. वेशीच्या पडक्या भिंतीवरून आवाज माघारी येत असेल. आपल्याच टाचेचा एखादा खिळा सुटला असेल. घरी जाऊन तिनं स्वतःची वहाण तपासली, खिळे शाबूत होते. एकटी पडलेली माणसं काय काय ऐकतात, हे तिला ठाऊक होतं. तिच्या गल्लीतली एक बाई मेलेल्या मांजराला रोज दूध ठेवायची. आपलं मांजर खिळे ठोकलेलं आहे, इतकंच, असं म्हणून ती एकटीच हसली. पण ते हसू टिकलं नाही.

कारण आवाज दर आठवड्याला खराब होत होता. खण लहान झालं होतं आणि खर्रर लांबत चाललं होतं. तिनं शेवटचं वर्षभर ऐकला होता तोच क्रम. मधूनच पाऊल अडखळायचं, तोल सावरायचं, आणि पुन्हा ओढलं जायचं. कुणीतरी दुखऱ्या पायांनी चालत होतं, आणि थांबायला मिळत नव्हतं. दुःख एका बाजूला राहिलं आणि थेल्माला संताप येऊ लागला. जिवंतपणी या माणसानं चालण्याचं कर्ज पुरेपूर फेडलं होतं. आता कोण त्याला चालवत होतं?

जूनमध्ये तिनं चष्मा लावला. टोपाखालून, सगळ्यांसमोर, बिनदिक्कत. रोलंडनं डोळे वटारले तर तिनंही वटारले.

त्या दिवशी दगडांवर चढताना तिला सगळं स्वच्छ दिसलं. ढाली, तांबड्या पाठी, घामेजलेल्या माना. जादा कुणीही नव्हतं. आवाज मात्र येतच होता, रांगेच्या मधोमध, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून. ती ऐकण्यात गुंतली आणि तिचं स्वतःचं पाऊल कचरलं.

त्याच वेळी तिच्या पाठीला, दोन खांद्यांच्या मधे, एक काठी आडवी टेकली आणि तिला पुढे रेटलं.

मारलं नाही. नुसतं रेटलं. जोर अगदी बेताचा होता, सवयीच्या हाताचा. थेल्मा इतकी वर्षं तस्संच रेटत आली होती. नायबाला जे शिकवलेलं असतं तेच तिनं केलं. मागे न बघता पुढे चालू लागली. दगड संपून गवत लागलं तेव्हा कुठे तिनं मान वळवली. मागे रस्ता होता, वेस होती, आणि वेशीत एक मेंढी उभी होती.

५

त्यानंतरच्या रविवारी तिनं वेशीखाली गवतावरच तुकडी थांबवली आणि म्हणाली, "वहाणा काढा सगळ्यांनी. अनवाणी चालायचंय."

क्लेम म्हणाला, अनवाणी फौजेला पुरावा आहे का? लोक हसले. रोलंड चिडला. कवायतीत नायब हुकूम सोडत नसतो, म्हणाला. मग त्यानं थेल्माच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं खाली बसून स्वतःच्या वाद्या सोडायला लागला. गार दगडांवर पांढरी, गाठाळलेली, म्हाताऱ्या बोटांची पावलं पडू लागली. कुणी कण्हलं, कुणी शिवी हासडली. आवाज असा नव्हताच. वारा आणि चिलखतांची किणकिण, बस्स.

खण, खर्रर.

रांग जागच्या जागी थिजली. विनीनं डावीकडे पाहिलं आणि हात तोंडाशी नेला. तिच्या डाव्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी होती. शेजारचा गडी पलीकडे सरकून उभा होता. कुणी त्याला सरकायला सांगितलं नव्हतं. एप्रिलपासून दर रविवारी ते सगळे तिथे एक जागा सोडत आले होते आणि कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

थेल्माला अजून एक आवाज आला. तो तिच्या मागे होता. त्यात ओढ नव्हती, घाई नव्हती. दोन सारखी पावलं पडली आणि तिच्यामागे येऊन थांबली.

सगळे पळतच गवतावर उतरले. रोलंड मटकन खाली बसला. सामान आवरू या, म्हणाला. तुकडी बंद करू. इथे परत पाऊल टाकायचं नाही. विनीनं मान डोलावली, क्लेम आधीच गाडीकडे बघत होता.

"आणि तो?" थेल्मानं विचारलं.

"थेल्मा, अगं तो गेलाय. मी खांदा दिलाय त्याला."

"मग दर रविवारी हजर आहे म्हणून कोण सांगतंय? तू नाव घेतोस, आम्ही ओ देतो. तो भोळा बिचारा उभा राहतो. पाय दुखतात रे त्याचे, रोली. तुला ऐकू नाही आलं?"

रोलंडला ऐकू आलं होतं. तो रडायलाच लागला. आपलं प्रेम होतं म्हणून केलं, म्हणाला. थेल्मानं त्याला दंडाला धरून उठवलं. कथबर्ट गेला ते तिनं सोसलं होतं. माणसं जातातच. पण आज हे निमूट चालू दिलं, तर उद्या विनी, परवा क्लेम, पुढे ती स्वतः. म्हातारी मेल्याचं दुःख नव्हतं, काळ सोकावत होता. आणि थेल्मा डॉड कुणाला सोकावू देणारी बाई नव्हती.

"चल, हजेरी घे," ती म्हणाली. "आणि कुणी ओ द्यायची नाही."

६

ऊन लख्ख होतं. तुकडी अनवाणीच वेशीपाशी उभी राहिली, ती जागा सोडून. टोप काढताना थेल्माचा चष्मा दगडावर पडून तडकला होता, तो तिनं कमरेच्या बटव्यात टाकला होता. ती आपल्या जागी, सगळ्यांत मागे, काठी घट्ट धरून उभी होती.

रोलंडनं एकेक नाव घेतलं. माणसं आपापली उत्तरं देत गेली. शेवटी तो थांबला, आणि हळूच म्हणाला, "कथबर्ट डॉड."

कुणी बोललं नाही. विनीनं ओठ दातांखाली धरले होते.

"अडेस्ट," विनीच्या डावीकडून कुणीतरी म्हणालं.

आवाज थकलेला होता आणि आज्ञाधारक होता. तो इस्पितळातलाच आवाज होता.

"रजा दे त्याला," ती मागून ओरडली. "रोली, रजा दे."

रोलंडला लॅटिन आठवलं नाही. "कथबर्ट," तो म्हणाला, "बास झालं गड्या. पुष्कळ चाललास. मानानं रजा. जा."

खर्रर. एक पाऊल रांगेबाहेर पडलं. खर्रर. आणि थांबलं.

तिच्या पाठीला काठी टेकली. या वेळी जोर बेताचा नव्हता. तिचे तळवे दगडावरून सरकले, ती पुढे ढकलली गेली, आणि तिच्या हातातली आडवी काठी कशावर तरी जाऊन टेकली. समोर कुणी नव्हतं. पण काठीला पाठ लागली होती. वाकलेली, ओळखीची, डाव्या बाजूला झुकलेली पाठ.

तेव्हा तिला कळलं. त्याला रेटणारी तीच होती. दर रविवारी तीच. मागचा हात तिच्यातून रेटत होता आणि ती इमानानं काठी आडवी धरत होती.

थेल्मानं शिवी हासडली आणि मागे वळली.

वळताना तिनं आपली काठी त्या काठीवर आडवी मारली आणि पाय रोवले. चष्मा नव्हता, त्यामुळे लांबचं सगळं पुसट होतं. पण नाकासमोरचं तिला नेहमीच स्पष्ट दिसायचं. एक जुनी, हातांनी झिजून काळी झालेली काठी. तिच्यावर दोन मुठी. सालटं निघालेली बोटं, तुटलेली नखं, एका अंगठ्याला चिंधी. रेटणाऱ्याच्या मुठी अशा असतात असं तिला वाटलं नव्हतं. त्या मुठी थरथरत होत्या. त्यांच्यामागे एक मातकट डाग होता, माणसाएवढा. त्या डागाच्याही पाठीला एक काठी टेकलेली असणार, कारण त्याच्या खांद्यामागे पितळेचा एक गोळा उन्हात चमकत होता. त्याच्यामागे अजून एक. त्याच्यामागे अजून एक. वेशीतून, चढावरून, पार भिंतीपर्यंत आणि भिंतीच्याही पलीकडे चमचमत ते गेले होते. तिनं डोळे मिटून पुन्हा उघडले. ते होतेच.

जोर वाढला. तिचे खांदे कडकडले. मागून विनीचा हुंदका ऐकू आला आणि क्लेम काहीतरी पुटपुटत होता. तिनं काठी सोडली नाही. अख्खी बस भरून दारुडे तिनं एका नजरेनं उतरवले होते.

"रेट," ती दातओठ खात म्हणाली. "किती रेटायचं ते रेट. तो जाणार."

पाठीमागे गवतावर कुणीतरी बसलं. म्हातारी माणसं बसतात तसं, आधी हात टेकून, मग एकदम. चामड्याची वादी सुटल्याचा आवाज झाला. ती सुटायला वेळ लागला. मग एक वहाण गवतात पडली. बऱ्याच वेळानं दुसरी पडली. आणि मग एवढा लांब, एवढा सुखाचा सुस्कारा आला, की थेल्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिला वळून बघायचं होतं. उभ्या आयुष्यात तिला कशाचीही एवढी इच्छा झाली नव्हती. तिनं बघितलं नाही, कारण तिनं काठी सोडली असती तर समोरची काठी त्याच्यापर्यंत पोचली असती.

सुस्कारा विरला. गवतावर वाऱ्याखेरीज काही राहिलं नाही. तो गेला होता.

समोरच्या मुठी मात्र अजून रेटतच होत्या. आता त्यांना रेटायला कुणी उरलं नव्हतं, तरी त्या रेटत होत्या. थेल्मानं त्या चिंधी बांधलेल्या अंगठ्याकडे बघितलं. तिचा राग तसाच होता, फक्त आता त्याला वेगळी दिशा मिळाली होती.

"तुलाही कुणी सांगितलं नाही ना रे," ती म्हणाली, "की मागे वळता येतं म्हणून?"

मुठींची थरथर थांबली.

"वळ," ती म्हणाली. "वळ, काही होत नाही. मी आहे."

मग तिच्या काठीवरचा भार हलका झाला, आणि दगडावर खिळे घासल्याचा आवाज आला. सावकाश, अडखळत. ज्यानं ते कधीच केलं नव्हतं, अशा माणसानं केल्यासारखा.

मागून रोलंड तिच्या नावानं हाका मारत होता. त्याला थांबावं लागणार होतं. थेल्मा दोन पावलं पुढे गेली, त्या वळलेल्या नायबाच्या शेजारी उभी राहिली, आणि तिनं काठी आडवी धरली. त्याच्यामागच्याचा पितळी गोळा आता तिच्या अगदी नाकासमोर होता.

"आता तू," ती म्हणाली.